उतार घे गा

माझ्या माहेरी उतार म्हणजे रेल्वेचा. सालेकशाच्या पलीकडे डोंगरातून लाइन खाली येते, आणि मालगाडी तिथून उतरायला लागली की ब्रेकचा जळका वास आमच्या अंगणापर्यंत यायचा. मोहफुलं वेचता वेचता आम्ही पोरी नाक दाबून ओरडायचो, "उतारावर लागली वं!" लहानपणी त्या शब्दाची मला एवढीच ओळख होती. पुढे तो आपल्याला जन्मभर पुरणार आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसले असते.

लग्न होऊन तिरोड्याकडे आले, चोरखमाऱ्याच्या पाटाखालच्या गावात. तिथे उतार म्हणजे पाणी. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा वरच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भासऱ्यांना दिल्या आणि खालच्या आम्हाला. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. पाटाचं पाणी आधी त्यांच्या बांध्या भरतं, मग ते मधल्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, तोंड फोडतात तेव्हा आमच्या धानात उतरतं. आमच्याकडे पाणी यायला दुसरी वाटच नाही. बाजूला एक बोडी आहे, लहानसा तलाव, पण ती आमच्या शेतापेक्षा खोल. तिच्यात पाणी जातं, तिच्यातून काही येत नाही.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की वरच्यानं तोंड फोडण्याआधी खालच्याला हाक द्यायची, "उतार घे गाऽ!" खालून होकार आल्याशिवाय फावड्याला हात लावायचा नाही. खालचा धुरा खचलेला असतो, कधी कापलेल्या धानाच्या कडपा जमिनीवर पसरलेल्या असतात. न विचारता पाणी सोडलं की कडपा तरंगायला लागतात आणि सख्ख्या भावांत कुऱ्हाडी निघतात. म्हणून हाक. माझा नवरा बोडीच्या पाळीवर, काठाच्या मातीच्या भिंतीवर, उभा राहून उत्तर द्यायचा, "येऊ दे गाऽ दादाऽ!" 'दादा'वर आवाज असा लांबवायचा की मी घरी चुलीपुढे ऐकायची आणि समजायची, आज दुपारी चिखलाचे पाय घेऊन येणार. भाजी जास्त करायची.

दुसरी एक पद्धत आहे, ती ऐकून शहरातल्या पोरी हसतील. हसा बाप्पा! आमच्यात लहान भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही. ते अंगणात आले की डोक्यावर पदर आणि आपण आत. चहा द्यायचा तर कप जमिनीवर ठेवायचा, हातात नाही. एका शिवारात निम्मा जन्म काढला, एकमेकांचं धान कापलं, पण त्यांना हाक कोणत्या नात्यानं मारायची हेसुद्धा मला माहीत नव्हतं. कधी गरजच पडली नाही.

तर आता बघा. वरून हाक येते. खाली उत्तर देणारा मेला आहे. उत्तर द्यायला उरले मी एकटी, आणि माझ्या तोंडाला रिवाजाचं कुलूप. उत्तर नाही तर पाणी नाही, आणि पाणी नाही तर धान नाही. एवढीच माझी गोष्ट आहे.

तो गेला निंदणीच्या दिवसांत. सकाळची वेळ होती. खेकड्यानं धुऱ्याला बीळ पाडलं होतं, पाणी वाया जात होतं, म्हणून चिखलाचा गोळा घेऊन त्यानं बिळात हात घातला. खेकडा चावला म्हणाला आधी. मग हातावर सापाच्या दातांचे दोन ठिपके दिसले. भासऱ्यांनी मोटारसायकल काढली. तो मध्ये बसला, मागे शेजारचा एक माणूस त्याला धरून. मी दारात उभी होते, मला स्पष्ट ऐकू आलं, तो म्हणाला, "दादा, गोंदियाले चाल." भासरे म्हणाले, "गोंदियाले जाऊ न! आधी विष तं उतरवू दे." आणि फाट्यावरून गाडी उजवीकडे घातली, नागझिऱ्याच्या बाजूला, जंगलाच्या कडेच्या एका टोल्यावर, लहानशा वस्तीवर. तिथे एक जण पाठीवर पितळी थाळी चिकटवून विष उतरवायचा.

मागे बसलेल्या माणसानं नंतर मला सगळं सांगितलं. थाळी पाठीला चिकटली तेव्हा जमलेली माणसं म्हणाली, विष ओढून राहिली. थाळी गळून पडली तेव्हा म्हणाली, उतार पडला. माझ्या नवऱ्याच्या पापण्या मिटत होत्या, आणि हे थाळीकडे बघत होते! शेवटी गोंदियाला नेलं. डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "इतनी देर कहाँ थे?"

त्या दिवशी भासरे माझ्या मनातून उतरले. हा पण उतारच की. आणि मी तुम्हाला खरं सांगते, तो रिवाज मला तेव्हा देवासारखा धावून आला. बोलायचं नाही, बघायचं नाही, कप जमिनीवर ठेवायचा. बाया म्हणायच्या, केवढी मर्यादा पाळते! कसली मर्यादा? माझ्या अंगाचा नुसता जाळ होत होता. पदराआड दात खाऊन बसले होते मी, आणि गाव मला सोन्यासारखी सून म्हणत होतं.

धान थांबत नाही कोणासाठी. तेरवी झाली आणि पाटाला पाणी आलं. मी फावडं घेऊन खालच्या बांधीत गेले. वरून हाक आली, "उतार घे गाऽ!" मी तोंड उघडलं नाही. मनात म्हटलं, घे म्हणतो! कोणाला म्हणतो? बोलाव आता तुझ्या भावाला. मी धुऱ्याच्या आड बसून राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग चर्रकन आवाज झाला, तोंड फुटलं, आणि लाल पाणी माझ्या पायांत आलं.

मला वाटलं, चला, हरला एकदाचा. सुटली पद्धत. पण दुसऱ्या दिवशी जाऊबाई आल्या, तोंड उतरलेलं. पडवीत टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लहानी, तुझे भासरे म्हणतेत, त्यानं हूं म्हटला."

"कोणं?"

"त्यानंच वं. आपल्यानं. बोडीकडून म्हटला म्हणे, येऊ दे गा दादा. म्हून त्याहीनं पाणी सोडलं."

जाऊबाईंना वाटलं, मी घाबरले. घाबरते कसली! मला राग आला. असा राग की डोळ्यांपुढे अंधारी आली. माझा नवरा, आणि बोलायला कोणाशी गेला? ज्यानं फाट्यावरून गाडी उजवीकडे घातली त्याच्याशी! माझ्याकडे काऊन नाही आला? मी चार भिंतींत त्याचं ताट वाढून बसते, त्याचा सदरा दोरीवरून काढत नाही, आणि हा पाळीवर उभा राहून दादाला हाक देतो. मेल्यावरही भावाचाच. त्या दिवशी मी त्याचा सदरा काढला आणि पेटीत टाकला. जा म्हटलं, तिकडेच जा.

पुढचं पाणी आलं तेव्हा पुन्हा तेच. हाक, शांतता, मग पाणी. मला काही ऐकू आलं नव्हतं, पण जाऊबाई सांगायच्या, आजही म्हटला. हळूहळू गावात पसरलं. पुढच्या साली पोटासाठी आलेल्या, धानाची रोपं रोवणाऱ्या बाया माझ्या बांधीत उतरायला का-कू करायला लागल्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "बाई, त्यायचं भूत अजून हाय का इथं?" मी म्हटलं, "हाय. तुही मजुरी कापतो तो, चाल रोव." ती रोवायला लागली, पण तिनं बोडीकडे पाठ केली नाही.

भासऱ्यांना त्याच साली ताप धरला. उतार पडेना. गोळ्या झाल्या, सलाइन झालं, ताप उतरायचा आणि संध्याकाळी परत चढायचा. जाऊबाईंनी ठरवून टाकलं की दीर मानगुटीवर बसला. त्यांनी उतारा काढला. नारळ, लिंबू, गुलाल लावलेला भाताचा गोळा, हळदीकुंकू, सगळं भासऱ्यांवरून ओवाळलं आणि ठेवायला जागा कोणती निवडली? तिठा नाही, गावाची वेस नाही. धुऱ्याचं तोंड! जिथे तो हाक देतो म्हणतात तिथेच ठेवावं, म्हणजे तो तिथूनच घेऊन जाईल, असा त्यांचा हिशेब.

आणि त्याच आठवड्यात पाटाला पाणी सुटलं. मी सकाळी शेतात गेले तर माझ्या बांधीत नारळ तरंगतोय. लिंबू धानाच्या एका चुडाला अडकलेलं, भाताचा गोळा फुटून गुलाल धानाच्या मुळाशी पसरलेला. मला आधी काही कळेचना. मग कळलं आणि मी जी बोंबलत सुटले, सारं शिवार गोळा झालं. "तुमची पीडा माझ्या बांधीत सोडता व्हय वं! वरचं सगळं आमीच घ्याचं का? पाणी बी तुमचं उतरलेलं, साप बी, आता भूत बी!" जाऊबाई धुऱ्यावर उभ्या, हात जोडून रडत होत्या. "माय वं लहानी, ध्यानातच नाही आलं मह्या, पाणी तुह्याकडं जाते म्हून." खरंच आलं नव्हतं. वर राहणाऱ्याला खाली काय जातं ते दिसत नाही, यात त्या बाईचा काही दोष नव्हता. मी नारळ उचलला, घरी आणला, फोडला आणि खोबऱ्याची चटणी केली. भूत असेल तर माझ्याच घरचं आहे ना, खाईल माझ्या हातचं. ताटं मी दोन वाढली.

त्यानंतरच्या हंगामात मला ऐकू आलं.

दुपार होती. धान पोटरीत आलेलं. मी धुऱ्याच्या आड बसलेली, नेहमीसारखी. वरून हाक आली, "उतार घे गाऽ!" आणि बोडीच्या पाळीकडून, जिथे तो उभा राहायचा अगदी तिथून, उत्तर आलं. "येऊ दे गाऽ दादाऽ!" 'दादा'वर तसाच लांबवलेला आवाज. वळून बघायची हिंमत झाली नाही. पाणी माझ्या कमरेखालून गेलं, लुगडं भिजलं, मी तशीच बसून. मग रडले. भीतीनं नाही. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की काय सांगू! आला गं माय, माझ्यासाठी म्हणून नाही आला तरी आला.

तेव्हापासून पाण्याची पाळी म्हणजे माझा सण. पोरगी नागपूरहून फोन करायची, "आई, बोअर मार, मोटार बसव, कायले कोणाच्या तोंडाकडे पाहत राहतेस? नाही तर मोठ्या बाबांना फोन तरी कर." भासऱ्याला फोन! या पोरींना काही कळत नाही. आणि बोअर मारला की हाक बंद. मी सांगायची, पैसे नाहीत. पैसे होते. पाळीच्या दिवशी मी वेणी घालायची, धुतलेलं लुगडं नेसायची, आणि धुऱ्याच्या आड जाऊन बसायची. हाक, मग तो, मग पाणी. राग राग म्हणून जो धरला होता, तो कुठे कमी झाला मला कळलं नाही. भासऱ्यांची हाक आली नाही तर माझा माणूस येणार नव्हता, एवढं मात्र कळत होतं. वर्षं गेली अशी. आम्ही दोघंही उताराला लागलो. माझे गुडघे गेले, त्यांचे दात गेले. तो मात्र तेवढाच राहिला, भर तिशीतला आवाज.

गेल्या हिवाळ्यात भासऱ्यांना खोकला लागला तो उन्हाळ्यापर्यंत गेलाच नाही. घसा असा बसला की बोलले की पत्रा घासल्यासारखं वाटे. यंदा पाऊस आधी बरा झाला आणि ऐन धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी गायब झाला. माझ्या बांधीला भेगा पडल्या, बोट जाईल एवढ्या. पाटाला पाणी आलं. मी वेणी घालून जाऊन बसले.

"उतार घे गा." घोगरी, तुटकी हाक. मी कान लावला. काही नाही. परत हाक. काही नाही. ऊन उतरलं, पाणी नाही. मी वर पाहिलं तर त्यांच्या बांध्या तुडुंब, आणि ते फावड्यावर हनुवटी टेकून उभे.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पाळी संपत आली होती, खालच्या गावाला पाणी जायचं होतं. एकदा लोंबी भरायच्या वेळी पाणी चुकलं की फोलच हाती लागतं, वर्षभराचं पोट गेलं. पण मला धानाची चिंता होती असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला वाटत होतं, तो कायले येत नाही? काय चुकलं माझं? की आता कायमचा गेला?

मग मी उठले. पदर डोक्यावर घेतला की नाही, आठवत नाही. धुरा चढून वर गेले आणि भासऱ्यांच्या पुढ्यात उभी राहिले. एवढ्या वर्षांत त्यांचा चेहरा मी असा पहिल्यांदा पाहिला. त्याचंच कपाळ, त्याच्याच भुवया. कोणी मला कधी सांगितलंच नव्हतं.

म्हटलं, "पाणी काऊन नाही सोडत?"

त्यांनी मान खाली घातली. "त्यानं हूं नाही म्हटला."

"मंग काय झालं? धान जळून राहिलं. सोडा की!"

"नाही बाई. न इचारता नाही सोडत मी." खोकला आला. थांबले. "एकडाव त्याचं नाही आयकलो. गोंदियाले चाल म्हणे तो. मी आपल्याच मनानं गाडी फिरवली. तवापासून ठरवलं, तिकडून हूं आल्याबिगर हात नाही लावाचा."

मी म्हटलं, "मंग यंदा काऊन नाही येत तो?"

ते वळले, बोडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो कधीच नाही आला, बाई. मीच म्हणत होतो. पहिल्या वर्सी मनातल्या मनात म्हटलो. मंग वाटलं, खाली तू बसून आहेस, तुह्या कानावर तं पडलं पाह्यजे. पाळीकडं तोंड करून म्हणत होतो, तिकडून आवाज परतते. लहानपणी आमचा दोघायचा आवाज सारखाच होता, माय बी फसे." घशाला हात लावला. "यंदा तो आवाज निघत नाही."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं काही झालं नाही. उलट सगळं जागच्या जागी बसलं आणि तेच सोसेना. म्हणजे वेणी मी यांच्यासाठी घालत होते. म्हणजे तो त्या दिवशी त्या दवाखान्यातच संपला होता, आणि त्यानंतर कुणीच कधी आलं नव्हतं. विधवा मी तेव्हा झाले नाही. आता झाले, इथे, या धुऱ्यावर. तोंडात शिव्या आल्या होत्या. यांनीच नेला, आणि एवढी वर्षं यांनीच आणून दिला, आणि आता पुन्हा नेला. काय म्हणायचं अशा माणसाला?

मी म्हटलं, "आजपासून मी हूं म्हणीन. पण आदी एकडाव म्हणा."

"काय?"

"त्याच्यासारखं."

"नाही निघत, बाई. घसा गेला."

"जसं निघीन तसं म्हणा."

मी खाली आले आणि माझ्या जागेवर बसले. वरून हाक आली, "उतार घे गा." मग ते पाळीकडे वळले असतील. बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला. आणि मग आवाज आला. "येऊ दे गा दादा." फाटका, दात नसलेला, म्हाताऱ्या माणसाचा आवाज. 'दादा'वर लांबवायला गेला आणि मध्येच तुटला.

इतकी वर्षं मी त्याला तिशीतच ऐकत होते. माझा नवरा म्हातारा झाला असता तर असाच बोलला असता.

मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "येऊ द्या!"

धुऱ्यावर फावडं पडल्याचा आवाज झाला, आणि पाणी उतरलं.